वहिनीच्या बाळंतपणाचं वेळापत्रक

माझी वहिनी बस डेपोत टाइमकीपर आहे. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली हे वहीत लिहायचं, उशीर झाला तर ड्रायव्हरला कारण विचारायचं आणि त्याने सांगितलेल्या कारणावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिचं काम. हे ती पगारासाठी करते असा आमच्या घरात सुरुवातीला समज होता. लग्न होऊन ती घरी आली आणि आठवड्याभरात तो दूर झाला. आमच्या आईने चहाला “आलेच दोन मिनिटांत” म्हटलं, तर ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी.

माझा भाऊ, म्हणजे दादा, त्याच डेपोत ड्रायव्हर. सगळ्या डेपोत सगळ्यात लेट माणूस. धावत येणारा प्रवासी आरशात दिसला की याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्यापायी वहिनीने लग्नाआधी त्याला अकरा मेमो दिले. अकराव्यात त्याने कारण लिहिलं होतं, ‘एक आजोबा पिशवी विसरून उतरले, ती द्यायला मागे गेलो.’ वहिनीला ही शुद्ध थाप वाटली. तिने दुसऱ्या दिवशी त्या थांब्यावर जाऊन चौकशी केली. आजोबा खरे निघाले, पिशवीही खरी निघाली. बारावा मेमो काही आला नाही, त्याऐवजी लग्नपत्रिका आली. डेपोत ती त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणते, घरी ‘अहो’. तो मात्र घाबरला की घरीसुद्धा ‘मॅडम’ म्हणतो.

अशा बाईचं पहिलं बाळ तारीख उलटून गेली तरी येईना, तेव्हा तिची काय अवस्था झाली असेल ते बघा. पहिले तीन दिवस तिने सहन केलं. मग ती पोटाशी कडक आवाजात बोलायला लागली. बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता जास्त थांबण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी आठला दाखल व्हा, आपण कळा सुरू करू.

“आठला सुरू,” वहिनीने वही काढली. “आणि पोचणार किती वाजता?”

डॉक्टरीणबाई हसल्या. त्या शांत स्वभावाच्या होत्या, नाहीतर पुढचे दोन दिवस निभावलेच नसते. “तसं सांगता येत नाही हो. गर्भाशयाचं तोंड अजून घट्ट मिटलेलं आहे. आधी औषध ठेवून ते मऊ करायचं. सहा तासांनी तपासायचं, नसेल झालं तर पुन्हा ठेवायचं. मग गरज पडली तर फुगा, मग पाणमोट फोडायची, मग सलाईनमधून औषध. एखादीचं पहिल्याच औषधाला होतं, एखादीला दोन दिवस लागतात. आणि कधी कधी एवढं करूनही शेवटी सिझर करावं लागतं.”

एवढं सगळं ऐकून वहिनीने वहीत लिहिलं, ‘८.०० सुटणार. १४.३० पोचणार.’

मी म्हटलं, “वहिनी, त्या दोन दिवस म्हणाल्या.”

“वेळापत्रक रस्ता मोकळा धरूनच लिहितात,” ती म्हणाली. “उशीर झाला तर कारणाचा रकाना असतोच.”

हॉस्पिटलात बाईजवळ एका वेळी एकच माणूस थांबू देत. रात्री तर कुणालाच नाही. आता थांबायचं कुणी? वहिनीची आई म्हणाली, “मी हिला जन्म दिलाय, मीच थांबणार.” आमची आई म्हणाली, “विहीणबाई, तुमचं बीपी जरा चढतं, तुम्ही घरी आराम करा.” दादा स्वयंपाकघरात सटकला. त्याला आत थांबायचं होतं. बाळ बाहेर येताना तिथे असायचं होतं. हे त्याने मला गॅसजवळ उभं राहून, इकडे तिकडे बघून, हळूच सांगितलं. वहिनीलाही तेच हवं होतं, पण भीती वेगळी होती. “आयुष्यात एक गाडी वेळेवर आणली नाही यांनी,” ती मला म्हणाली, “आणि नेमके त्या वेळी हे कुठल्या तरी म्हातारीला रस्ता ओलांडून देत असतील.” हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

मग तिने ड्युट्या लावल्या. आठ ते बारा तिची आई. बारा ते चार दादा, कारण अडीचला बाळ येणार होतं. चार ते आठ आमची आई. मला तिने ‘स्पेअर’ लिहिलं. डेपोत कुणी आजारी पडलं तर लागेल म्हणून एक माणूस नुसता बसवून ठेवतात, त्याला स्पेअर म्हणतात. त्याने चहा आणायचा असतो.

पहिला दिवस सांगण्यासारखा काही नाही, आणि नेमका तोच वहिनीचा संताप होता. आठला औषध ठेवलं. पोटाला पट्टे बांधले, यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा कागद सरसरत बाहेर यायला लागला. वहिनीची आई तो कागद हातात धरून बसली, जणू तिला वाचता येत होता. बाराला दादा आत गेला. कंबर थोडी दुखतेय, पोट मधूनच कडक होतंय, बास. सिस्टरने फेऱ्या मारायला सांगितल्या, तर वहिनी लांबच लांब व्हरांड्यात घड्याळ लावून फेऱ्या मारायला लागली. एक फेरी पन्नास सेकंद. मागे दादा पाण्याची बाटली घेऊन. अडीच वाजले. अडीच वाजून गेले.

तपासून सिस्टर म्हणाली, “एक सेंटीमीटर.”

“दहापैकी?” वहिनीने विचारलं.

“दहापैकी.”

दादाने धीर द्यायला म्हटलं, “मॅडम, गाडी अजून फलाटालाच लागली नाही बहुतेक.” मी दाराबाहेर होते, तरी मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं.

चारच्या ठोक्याला आमच्या आईने दार वाजवलं. दादा जागचा हलेना. वहिनीनेच त्याला उठवलं, “उठा, ड्युटी संपली.” संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आत फुगा बसवला. तोंड उघडलं की तो आपोआप गळून पडतो म्हणे. वहिनीने विचारलं, किती वाजता? आठला आम्ही सगळे घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी डेपोतला नियम आडवा आला. तिथे ड्युट्या रोज एक घर पुढे सरकतात, म्हणजे चांगली वेळ एकाच्याच वाट्याला येत नाही. त्या हिशोबाने आमची आई सकाळची, वहिनीची आई दुपारची, दादा चार ते आठ. शिवाय डेपोने दादाला रजा एकाच दिवसाची दिली होती. पहाटेची फेरी करून तो दुपारी मोकळा होणार होता, आणि फेरी होती रेल्वे फाटकावरची. ते फाटक म्हणजे त्याच्या अकरापैकी सात मेमोंचं कारण.

सकाळी त्याने वहिनीला फोन केला. “मॅडम, मला दुपारचीच ठेवा ना. रिकामा झालो की लगेच येतो.”

“रोटेशन म्हणजे रोटेशन,” वहिनी म्हणाली. “उद्या मी घरच्या माणसाला सवलत दिली म्हणतील.” कोण म्हणणार होतं देव जाणे. फोन ठेवल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पण कागदावर लिहिलेलं खोडायचा तिचा हात होत नाही.

नेमका तोच दिवस उजाडला होता. फुगा सकाळी गळून पडला. चार सेंटीमीटर. दहाला पाणमोट फोडली, अकराला सलाईन लावलं. आणि मग ज्या कळांची आम्ही काल दिवसभर मनधरणी केली, त्या धाडधाड यायला लागल्या. पाच मिनिटांनी एक, मग तीन, मग दोन. सिस्टर म्हणाली, सलाईनच्या कळा अशाच, हळूहळू ओळख करून देत नाहीत. दुखणं कमी करायला पाठीत सुई मिळते, मागितली की देतो, असं तिने कालच सांगितलं होतं. वहिनी काल म्हणाली होती, बघू. बारा वाजून वीस मिनिटांनी तिने अशी काही मागितली की भूलतज्ज्ञ चालत नाही, पळत आले.

सव्वादोनला मी माझी ड्युटी करायला, म्हणजे चहा आणायला, खाली गेले. जिन्याखाली जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीवर खाकी गणवेशात, गुडघे जुळवून, मांडीवर टोपी ठेवून दादा बसला होता.

“अरे! तू कधी आलास?”

“एक पाचला.”

“आणि फाटक?”

“फाटक बंदच होतं. पण आज मी फाटकाच्या आधी कुणासाठी थांबलो नाही गं.” त्याने मान खाली घातली. “एक बाई धावत येत होती. दिसली मला आरशात.”

चांगला साडेपाच फुटी माणूस, गुन्हा केल्यासारखा बसला होता. “मग वर चल की!”

“माझी ड्युटी चारला आहे. आधी गेलो तर ती चिडेल, आणि कळांमध्ये चिडणं चांगलं नाही. तू सांगू नकोस. शपथ आहे.”

असल्या दोन माणसांनी एकमेकांशी लग्न केलं ते बरंच झालं, नाहीतर दोन घरं बिघडली असती. मी त्यालाही एक चहा दिला आणि वर आले.

तीनला सिस्टर दारात आली. “पूर्ण उघडलंय. आता जोर करायचा. अर्धा-पाऊण तास.” आतून वहिनीचा आवाज आला, आणि हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. वेळ विचारणारा नव्हता तो. “त्यांना बोलवा,” ती म्हणत होती. “कुणीतरी त्यांना बोलवा गं. कागद गेला खड्ड्यात.”

सिस्टर म्हणाली, “मिस्टर कुठे आहेत? लांब असतील तर पोचायचे नाहीत.”

शपथ मोडायला मला एक क्षण लागला नाही. जिन्यावरूनच ओरडले, “दादा!” तो तीन-तीन पायऱ्या चढत आला. टोपी खालीच राहिली.

दारात वहिनीची आई उभी होती. दोन दिवस ती त्या ड्युटीपत्रकाला नावं ठेवत होती, बाळंतपण आहे की बसस्टँड म्हणत होती. चार वाजायला अजून जवळजवळ तास होता. ती आतच थांबली असती तर कुणी तिला हलवू शकलं नसतं. पण तिने बाजूला होऊन दादाच्या हातात ओला रुमाल दिला आणि डेपोत गाडी हवाली करताना सांगतात तसं भराभर सांगितलं, “पाणी घोटघोट द्या. उजवा पाय धरा, डावा सिस्टर धरते. शिव्या दिल्या तर मनावर घेऊ नका, मलाही दिल्या.” दार बंद झालं. मग ती आमच्या आईशेजारी बसली, आणि दोन दिवस एकमेकींचं बीपी वाढवणाऱ्या त्या दोघी हात धरून बसून राहिल्या.

आतलं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

“तीन दहा,” वहिनी धापा टाकत म्हणाली. “तुमची ड्युटी चारला आहे.”

“मॅडम, मी एक पाचपासून खालीच बसलोय.”

मग वहिनी रडायला लागली. चार वर्षांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. रडता रडता ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतले लोक बाहेर आले, “मग वर का नाही आलात, मूर्ख माणसा!”

तिचा तो राग वाया गेला नाही. सिस्टर म्हणाली, अस्संच, अस्संच, अजून एकदा. आणखी बऱ्याच एकदांनंतर एक बारीक, चिडका आवाज ऐकू आला.

“मुलगी! तीन चाळीस,” सिस्टर म्हणाली.

“तीन अडतीस,” वहिनी म्हणाली. “तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे.”

तासाभराने मला आत सोडलं. मुलगी वहिनीच्या छातीवर झोपली होती. दादा पलंगाशेजारी बसून तिची बोटं मोजत होता, बहुतेक तिसऱ्यांदा. मला वाटलं, वहिनी मला बाळ बघ म्हणेल. ती म्हणाली, “गेटवरच्या वॉचमनकडे येणाऱ्यांची वही असते. हे किती वाजता आले ते बघून ये.”

“वहिनी, आत्ता?”

“स्पेअर ना तू?”

तणतणत खाली गेले. वही बघितली. दोन जिने चढून परत आले आणि सांगितलं, “एक वाजून दोन मिनिटं. तीन मिनिटं कमीच सांगितली त्याने.”

वहिनीने उशीखालून तो ड्युटीचा कागद काढला, माझ्याकडून पेन घेतलं आणि झोपल्या झोपल्या, वाकड्यातिकड्या अक्षरात, दोन ओळी लिहिल्या. पहिली मुलीची. ‘एक दिवस, एक तास आठ मिनिटं उशीर. कारण: वडिलांवर गेली.’

दुसरी दादाची होती. ती लिहायला तिला जास्त वेळ लागला. ‘दोन तास अठ्ठावन्न मिनिटं आधी हजर.’ खाली सही केली, आणि साक्षीदार म्हणून माझी घेतली.

दादा ते अकरा मेमो एका फायलीत जपून ठेवतो, लग्नाच्या फोटोंच्या कपाटात. आता त्यात बारा कागद आहेत. घरी कुणीही बाळ बघायला आलं की तो आधी फाईल काढतो.