शिंप्यांच्या इमारतीचा दाखला

विभावरी मूळची सांगलीची. इमारतींची मजबुती तपासणारी इंजिनिअर म्हणून म्हैसुरात येऊन तिला पंधरा वर्षं झाली होती. लष्कर मोहल्ल्यातल्या शंभर वर्षांच्या दुमजली इमारतीची तपासणी तिच्याकडे आली, तेव्हा खालच्या दुकानातले म्हातारे शिंपी वेंकटरमणराव तिच्यामागोमाग फिरत राहिले. चुन्यात बांधलेल्या भिंती तिला ठणठणीत दिसल्या. माडीची सागवानी तुळई मात्र वरच्या टाकीच्या गळतीनं कुजली होती.

"भिंती चांगल्या आहेत, काका. टाकी काढून तुळई बदलली की झालं."

"सरी सरी, बरं बरं, मग तसंच लिहा की, अम्मा."

तिनं तसंच लिहिलं. पालिकेच्या कचेरीनं कागद परत पाठवला: सुरक्षित की धोकादायक, एकच लिहा. सुरक्षित लिहावं, तर दुरुस्तीआधीच तुळई कुणाच्या तरी डोक्यावर कोसळायची. धोकादायक लिहावं, तर नियमानं इमारतच पाडली जायची. चार दिवस तिला अन्न गोड लागेना. मग तिनं 'धोकादायक' लिहून सही केली.

पाडकामाच्या दिवशी ती गेली. यंत्राचे घाव बसत होते, तरी भिंत हलेना. वेंकटरमणराव नुसते तिच्याकडे पाहत राहिले. तिला तिथं उभं राहवेना आणि तिथून निघताही येईना.