चहाच्या आधी नाव

बडोद्याला आले तेव्हा मला सातवीपर्यंतचं येत होतं, आणि तेही धड नाही. आमचं गाव कुडाळच्या पुढे. ज्यांच्या घरी कामाला राहायचं त्या काकूंच्या माहेरच्या ओळखीतून निरोप आला होता की काकांना झटका आलाय, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, घरात माणूस हवं. वडील नव्हतेच. आईने पिशवी भरून दिली. त्या घराने मला दोन वेळा जेवू घातलं, माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं, पुढे लग्नही लावून दिलं. म्हणून लिहिताना हात अडतो. काकू वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर मलाच झोप यायची नाही.

घर जुन्या शहरात, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत. काकांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांचा पगडीतला फोटो हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, वर लावलेला. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. काकूंनी सगळा जन्म मराठी शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला होता. मुलगा अमेरिकेत, संगणकाच्या कामावर. रविवारी फोन यायचा आणि सगळे मोठ्याने बोलायचे.

बोलणं शिकवायला एक गुजराती बाई स्कूटरवर यायची, वयाने माझ्याहून थोडीच मोठी. मराठी छान बोलायची. तिने सांगितलं की बोलण्याची जागा मेंदूत डावीकडे असते, तिथलं रक्त अडलं. पण सगळं पुसलं जात नाही. जे आयुष्यभर तोंडात घोळलंय, आरती, आकडे, शिव्या, ते कुठेतरी मुरलेलं राहतं. ते खरंच होतं. काकांना पाणी म्हणता येत नव्हतं, पण काकूंनी सुरुवात करून दिली की आरतीचं कडवं अख्खं यायचं. आणि 'अ... अगं' यायचं.

"काकी, एक करा," ती म्हणाली, "त्यांच्या मनातलं ओळखून हातात देऊ नका. इतक्या वर्षांचा संसार, त्यांची भुवई हलली तरी तुम्हाला कळतं. तीच तर अडचण आहे. त्यांना मागू द्या."

काकूंनी मग तिला विचारलं, "माझं नाव येईल का त्यांना?"

"येईल ने. आधी कशी हाक मारायचे?"

"अगं."

"आणि नावाने?"

"आमच्यात कुठे नावाने हाक मारायचे तेव्हा. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलं होतं. माझं होतं ते काढून नवं ठेवलं त्यांनी, स्वतः निवडून. मग ते तांदळातच राहिलं."

ती बाई हसली. मनात काही नव्हतं तिच्या. "मग काकी, ज्या वाटेने माणूस कधी गेलाच नाही, ती आता कशी सापडायची?"

काकूपण हसल्या. दुसऱ्या दिवसापासून चहाचा नियम बदलला. तोवर काकांनी 'च' म्हटलं तरी कप मिळायचा. आता नाव म्हटल्याशिवाय नाही.

काका हिंचक्यावर, काकू समोर खुर्चीवर, मी ट्रे धरून उभी.

"म्हणा."

"अ... अ..."

"अगं नको. अगं म्हशीलाही म्हणतात."

काका डावा हात पुढे करायचे. काकू ट्रे माझ्याकडे ढकलायच्या, मी एक पाऊल मागे जायची. चहावर साय धरायची. "ओठ बघा माझे," म्हणत त्या नाव तोडून तोडून सांगायच्या, चौथीच्या मुलांना सांगावं तसं. काकांचे ओठ हलायचे, भलतंच काहीतरी निघायचं, आणि मग ते रडायचे. झटक्यानंतर रडू लवकर येतं, असं ती बाई म्हणाली होती.

"रडणं बरं येतं," काकू म्हणायच्या. "ते कुणी शिकवलं? मुली, ओत मोरीत."

मी ओतायची. ओतताना भिंतीकडे बघायची. मनात एकच, की मला गावी परत पाठवू नये.

एकदा शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "काकी, आपी दो ने बिचाराने." देऊन टाका ना बिचाऱ्याला.

"तमे तमारा वरने आपो ने," तुमच्या नवऱ्याला द्या, असं काकूंनी तिला सुनावलं आणि तिच्या तोंडावर दार लोटलं.

आत येऊन मला म्हणाल्या, "राक्षसीण वाटत असेन तुला."

"नाही, काकू."

"वाटू दे. कचेरीत शिपायालाही नावाने हाक मारायचे ते. बदली झालेल्यांची नावं घरी येऊन सांगायचे. माझंच तेवढं तोंडात नाही मावलं. एकदा म्हणू देत. मग दिवसभर चहाच्या किटलीत बसवते त्यांना."

दिवाळीच्या आधी एका सकाळी काकू आंघोळीला गेल्या होत्या. मी चहा घेऊन आले. काकांनी कपाकडे बघितलं आणि काकूंचं नाव म्हटलं. अख्खं, स्वच्छ. मी हाक मारली तशा काकू ओल्या केसांनी, कशीतरी साडी गुंडाळून आल्या.

"पुन्हा म्हणा."

काकांनी म्हटलं. काकूंनी स्वतः बशीत चहा ओतला, फुंकर घातली, त्यांच्या ओठांना लावला. मग चांगली साडी नेसल्या. मला मांडवीच्या बाजारात पेढे आणायला पिटाळलं, शेजारणीलाही दिले.

दुपारी काकांना पाणी हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून काकूंचं नाव घेतलं. मग पंख्याकडे बोट करून तेच नाव. लघवीची बाटली हवी झाली, तेच नाव. दुधाला तोंड लावायला मांजर आलं, तर त्यालाही हात हलवून तेच.

काकू दारात उभ्या होत्या. पेढा अजून त्यांच्या हातातच होता.

ती बाई आली. आधी खूष झाली, मग काकांसमोर पेला, चमचा, टॉवेल धरून बघत राहिली. सगळ्याला एकच उत्तर. ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्या लेखी तो शब्द म्हणजे 'हवंय'. ज्याच्यामागून चहा मिळतो तो शब्द मेंदू धरून बसतो. त्या शब्दात माणूस असेलच असं नाही." मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "पण काकी, हवं असतं ते तुमच्याकडूनच ने."

"मांजराकडूनही?" काकू म्हणाल्या.

नंतर घराचं वळणच बदललं. काकांचे डोळे उघडायच्या आत चहा. तहान लागायच्या आत पाणी. बाटली वेळेवर, पंखा आधीच लावलेला. मागायची वेळच येऊ द्यायची नाही. ती बाई रागावली, एवढा एक शब्द आला तोही जाईल म्हणाली. काकू म्हणाल्या, "जाऊ दे." काकांना इतकं सुख उभ्या आयुष्यात मिळालं नसेल, आणि ते दिवसेंदिवस गप्प होत गेले.

आता माझा नवरा मला नावाने हाक मारतो. चांगला माणूस आहे. पण त्याने हाक मारली की मी जागची उठते, आणि आधी त्याचे हात रिकामे आहेत का ते बघते.

काकूंकडे असतानाच, शेवटी शेवटी, एका दुपारी मी भाजी घेऊन आले तर जिन्यातच काकांचा आवाज आला. नाव घेत होते, परत परत. हाक मारल्यासारखं. कुणी परक्या माणसाने ऐकलं असतं तर म्हणाला असता, केवढा जीव आहे बायकोवर. मी धावत आत गेले. काकू त्यांच्या समोरच, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ, जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर नव्हती.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "बघ गं, त्यांना पाणी हवंय."