सहाव्या दिवशीचा गाऊन

धाकटी बहीण गेली तेव्हा तिच्या मुलीला पाच वर्षं पूर्ण व्हायची होती. सिडकोतल्या त्यांच्या घरात सुतक, म्हणून टीव्ही बंद. बाहेरच्या खोलीत माणसं येऊन बसायची आणि मुलीला मागच्या खोलीत सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात ग्रंथपाल. मुलांना गोष्टी वाचून दाखवणं मला जमतं, असं घरात सगळे धरून चालतात. त्या दिवसांत मला एक ओळही वाचवत नव्हती. मी तिच्या हातात मोबाइल दिला.

तिच्या बालवाडीच्या बाईंनी मागे एक कार्टून पाठवलं होतं. बायबलमधली जग घडवण्याची गोष्ट, हिंदीत. पहिल्या दिवशी उजेड होतो, मग आभाळ, झाडं, सूर्य-चंद्र, मासे आणि पाखरं. सहाव्या दिवशी देव मातीचा माणूस करतो, त्याच्या नाकात फुंकर घालतो आणि तो शिंकून उठून बसतो. मग बाई होते. अंगावर कपडे नाहीत म्हणून दोघं मोठ्या पानांमागे उभी, नुसती डोकी दिसतात. आई असताना मुलगी त्या शिंकेला खदखदून हसायची. आता हसत नव्हती, पण संपलं की पुन्हा लावायची.

मेहुण्यांच्या आत्या पाचोडहून आल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "आज तिसरा. दहाव्याला पैठणला जायचं." दुसऱ्या दिवशी मुलीनं मला विचारलं, "मावशी, आज कितवा?" मी म्हणाले, चौथा. त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाचवा. तिनं का विचारलं, हे मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी आत्यांचा आवाज चढला. "अगं, त्या गाठोड्याला हात नाय लावायचा. दहाव्याला द्यायचं हाय ते."

गाठोड्यात बहिणीचे कपडे होते. मुलीनं त्यातला निळ्या फुलांचा गाऊन ओढून काढला आणि ती परसात पळाली. मी मागे गेले. कढीपत्त्याच्या झाडामागे तिनं तो जमिनीवर नीट पसरला होता, बाह्या दोन्हीकडे सरळ करून.

"आई इथं होईल," ती म्हणाली. "तिच्या अंगावर कपडे नसतील. बाहेर एवढे लोक बसलेत."

मी तिच्याजवळ खाली बसले. "ते गोष्टीतले दिवस वेगळे, बाळा. हे माणूस गेल्यानंतरचे दिवस."

"मग मोजता कशाला?"

"दहाव्या दिवशी तिला निरोप द्यायचा असतो."

"पण ती तर गेली ना?"

"हो."

"येणार नाही?"

देवाघरी गेली, एवढंच तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. मीही तेच सांगितलं होतं. आता ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

ती रडली नाही. गाऊनवर पडलेली दोन वाळकी पानं तिनं उचलून बाजूला टाकली. मग एक बाही नाकाशी धरली आणि माझ्या मांडीवर आडवी झाली. आत्या दारापर्यंत आल्या. आता ओरडतील, असं मला वाटलं. त्या उंबऱ्यावरच थांबल्या.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तेवढा एक नगं द्यायला."