सयाजीरावांचा प्लास्टिकत्याग

कुडपणच्या सयाजी उतेकरांना आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जमल्या: भाषण ऐकणं आणि ऐकलेलं घरच्यांवर लादणं. मुंबईची नोकरी संपवून ते गावी परतले, तेव्हा शेती बायकोकडेच राहिली आणि सल्ले यांच्याकडे आले.

गेल्या उन्हाळ्यात महाडच्या एका कार्यक्रमात त्यांनी ऐकलं, की प्लास्टिक खनिज तेलापासून बनतं, आणि ते झिजून त्याचे नॅनोकण होतात, इतके बारीक की रक्तातही सापडतात. बोलणाऱ्या बाईंनी कुठलं प्लास्टिक टाळावं आणि कुठल्याला अजून पर्याय नाही, हेही समजावलं होतं. तेवढं यांनी ऐकलं नाही. यांना ‘नॅनो’ हा शब्द आवडला.

दुसऱ्या सकाळी घरातलं प्लास्टिक अंगणात आलं. बादल्या, डबे, नातीची बाहुली. मग झऱ्याचं पाणी मागच्या दारी आणणारा काळा पाईप त्यांनी कोयत्याने तोडला. तेलाच्या नळीतलं पाणी आपण पिणार नाही, असं जाहीर केलं. म्हणजे पाणी पिणार होतेच. फक्त ते आता त्यांची बायको राहीबाई तांब्याच्या हंड्यातून आणणार होती. चढ तिचा, तत्त्व यांचं. मोबाइल मात्र खिशातच राहिला, कारण त्यागाचे फोटो त्यावरूनच पाठवायचे होते.

शेजारच्या शर्मिलाने पाईप जोडून देऊ का विचारलं, तर तिलाही व्याख्यान मिळालं. राहीबाईचे गुडघे सुजले. तिने ते दाखवले तेव्हा, पूर्वीच्या बायका आणतच होत्या की, असं उत्तर आलं.

पावसाळ्याच्या तोंडावर सुपारी चावताना सयाजीरावांची कवळी मोडली. राहीबाईला गुडघ्यांसाठी औषध हवंच होतं, म्हणून दोघं महाडला गेली. दातांच्या डॉक्टर दर्शनाबाईंनी कवळीचे तुकडे जुळवले, वाटीत गुलाबी पावडर घेऊन तिच्यात उग्र वासाचा द्रव ओतला आणि तो लगदा फटीत भरला. बघता बघता तो गरम होऊन कडक झाला. ही कसली माती, असं सयाजीरावांनी बोबड्या आवाजात विचारलं.

“माती नाही काका, ॲक्रिलिक आहे. प्लास्टिकच,” डॉक्टर म्हणाल्या. “या द्रवाचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होतात, म्हणून ते घट्ट होतं. कच्चा माल खनिज तेलातूनच येतो.”

डॉक्टरांना बिचाऱ्यांना यांच्या त्यागाचं काहीच ठाऊक नव्हतं. घासूनपुसून कवळी त्यांनी पुढे धरली. सयाजीरावांनी हात अर्धवट उचलला आणि तसाच ठेवला. राहीबाई बाकावरून उठली.

“घाला तोंडात,” ती म्हणाली. “नायतर घरी पेज हाय. पन घातलीत तर पाईप आजच जोडायचा. आन् तुमीच जोडायचा.”

त्यांनी कवळी घातली. बाजारातून पाईपाचा जोड घेतला आणि कित्येक वर्षांनी झऱ्यापर्यंत चढले. जोड दोनदा निसटला, कपडे चिखलाने भरले. राहीबाई खाली उभी राहून बघत होती. मदतीला गेली नाही.

आता सयाजीराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की प्लास्टिक दोन प्रकारचं असतं, चांगलं आणि वाईट, आणि आपण त्यावर प्रयोग केलेला आहे. त्या पावसात राहीबाईला गुडघे वाकवता येईनात, म्हणून भाताच्या लावणीला हे शेतात उतरले आणि दुपारच्या आत कंबर धरून घरी आले. उरलेलं शेत शर्मिलाने लावलं.