शेटफळला मी मागे वळलो

पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकणाऱ्या माणसाला लोक हसतात. मलाही हसले. हसणाऱ्यांची मला सवय होती. विणकरांच्या घरून लुगडी उचलायची, गठ्ठा डोक्यावर घ्यायचा आणि आठवडी बाजार गाठायचे, इथून माझी सुरुवात. पुढे सोलापुरात स्वतःचं दुकान केलं. मग बायको गेली, दुकान मुलांनी हातात घेतलं आणि संध्याकाळी जाऊन बसायला मला जागा उरली नाही.

आमच्या पेठेतले चार जण रविवारी सायकलींवर बाहेर पडत. एक वकील, एक वैद्य, कलेक्टर कचेरीतले एक पेन्शनर आणि एक निवृत्त हेडमास्तर. हेडमास्तर आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात होतो. तो पुढे शिकला, मी गठ्ठा उचलला. त्याच्या ओळखीनं मी त्यांच्यात शिरलो. मला त्या चौघांतला एक व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं, आणि हे मी कुणाजवळ बोललोही नाही.

दीडेक वर्षानं पुण्यापर्यंत जायचं ठरलं. पहिला मुक्काम टेंभुर्णी. थंडीचे दिवस होते. आम्ही उजाडायच्या आत निघालो, धोतरं आवळून, कानाला मफलर गुंडाळून. ते चौघे दोन जोड्यांनी चालत. वकील आणि वैद्य पुढे, त्यांच्यामागे हेडमास्तर आणि पेन्शनर. मी शेवटी एकटा, चौघांची धूळ खात. पुढचे हसले की कशाला हसले ते कळायचं नाही. एकदोनदा मी मोठ्यानं विचारलं. पेन्शनर मान वळवून म्हणाले, "काही नाही शेठ, जुनी गोष्ट आहे."

एक काम मात्र माझं होतं. वाटेत जे घ्यायचं त्याचा भाव मी करायचा. वकिलांनी पहिल्याच फेरीला तसं सांगून टाकलं होतं आणि मला तो मान वाटला होता. मोहोळला मी पेरूवाल्याला असा खाली आणला की वैद्यांनी टाळी दिली. त्या टाळीवर मी पुढचे दोन तास मजेत सायकल मारली.

शेटफळला लिंबाखाली एक बाई चूल मांडून भाकरी-पिठलं विकत होती.

"पाच जणांचं धा आणं," ती म्हणाली.

"दहा आण्यांत सोलापुरात लग्नाची पंगत उठते."

"मग जावा की सोलापूरला. हितं कशाला थांबलाय?"

"पिठलं पातळ दिसतंय."

"तुमास्नी पातळच बरं, मालक. दात किती ऱ्हायलेत?"

चौघे हसले. मीही हसलो. शेवटी सात आण्यांवर ठरलं, वर कांदा आणि मिरचीचा ठेचा. जेवून सगळे उठले. हेडमास्तर नेहमीसारखा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी चेन बघून येतो." दर ठिकाणी तो असाच मागे राही आणि मग धापा टाकत येऊन पेन्शनरांच्या शेजारी लागे. मला वाटलं, आज आपण याच्यासाठी थांबू, म्हणजे दोघं बरोबर जाऊ. फर्लांगभर पुढे जाऊन मी बाभळीखाली उभा राहिलो. तो येईना. चेन तुटली की काय म्हणून मी परत फिरलो.

तो चुलीपाशी उकिडवा बसून बाईच्या हातावर पैसे ठेवत होता. सायकल झाडाला टेकलेली होती. त्याच्या हातांना तेलाचा डाग नव्हता.

"काय देतोयस तिला?"

तो दचकला. "अरे, तू कशाला आलास? काही नाही. तू कमी केलेले तेवढे देतोय."

"कधीपासून चाललंय हे?"

"अक्कलकोटच्या त्या पहिल्या फेरीपासून."

"बाकीच्यांना माहीत आहे?"

"आम्ही आधीच थोडे वेगळे काढून ठेवतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तू ऐकला असतास? आणि भाव करताना तू किती खुलतोस. वकील म्हणाले, करू दे त्याला. आपलं काय जातं?"

बाई मध्येच बोलली, "मी मागितलं न्हाय हो मालक. म्या म्हनलं, ठरलं ते ठरलं. धा तर उगंच सांगितलं व्हतं."

"ऐकलंस?" मी ओरडलो. "सात तिचा भाव होता. तिनं आणि मी मिळून ठरवलेला. वर हे जे टाकलंस ती भीक झाली!"

"तिला जास्त मिळालं, एवढंच ना?" तो म्हणाला. त्याला खरोखर कळलेलं नव्हतं. आजही माझा राग आहे तो त्याच्या या वाक्यावर. पैसे गेले त्यांचे. पण दीड वर्ष मी बाजार करत होतो आणि चौघे मला खेळवत होते.

मी तोंडाला येईल ते बोललो. त्याचं शिक्षण काढलं, पेन्शन काढली. त्यानं झाडाला टेकलेली सायकल काढली. मग आम्ही निघालो. बाकीचे बरेच पुढे गेले होते, म्हणून टेंभुर्णीपर्यंत आम्ही दोघं शेजारी होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, चाकाखाली खडी वाजत होती. तो एकदा म्हणाला, "वारा समोरून आहे." मी मफलर कानावर आणखी ओढला.

टेंभुर्णीला धर्मशाळेत उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. वकील म्हणाले, "शेठ, दुधाचं बघता का?"

"माझे पाय दुखताहेत."

वकिलांनी हेडमास्तरकडे पाहिलं. हेडमास्तरनं खाली पाहिलं. वकील स्वतः गेले, गवळ्यानं सांगितला तो भाव देऊन कासंडीभर दूध घेऊन आले. तापवलं, साखर घातली, पेले भरले. सगळे वाहवा करू लागले, शहरात असं दूध मिळत नाही म्हणून. पहिल्या घोटातच मला कळलं की निम्मं पाणी आहे.

हेडमास्तर माझ्याकडे बघत होता. "कसं आहे रे दूध?" त्यानं विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो.

सगळ्यांना बरं वाटलं. वैद्य सरकले आणि त्यांनी मला आपल्या सतरंजीवर जागा करून दिली. वकिलांनी माझा पेला पुन्हा काठोकाठ भरला. मी तोही प्यायलो.