सुकाळ्याचा बाप

मन्याड नदीच्या अलीकडं आमची बोरवाडी, पलीकडं कंधार तालुका. नदीला पाणी असो नसो, दोन्ही काठांवर गाय एकच, लालकंधारी. अंगभर एकच तांबडा रंग, डोळ्यांभोवती काळं कडं, आणि इतकी गरीब की लेकरू पायात खेळत असलं तर खाली बघून पाय उचलणार. गावातल्या सगळ्या गाईंची वंशावळ एका बाईच्या डोक्यात होती. तिचं नाव केवळाबाई. गाव तिला केवळामाय म्हणायचं, मीही म्हणायचो.

मी सटवाजी सोनकांबळे. जनावरांच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं परिचर होतो. जनावर धरायचं, जखम धुवायची आणि साहेब सांगतील ते रजिस्टरात लिहायचं, एवढंच माझं काम. केवळामायबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. ती आयुष्यात एकदा खोटं बोलली, ते मला ठाऊक होतं आणि मी दहा वर्षं तोंड शिवून बसलो होतो. म्हणून लिहितो.

पोळ्याच्या संध्याकाळी गावातले बैल मारुतीला फिरून आले की एकेक जोडी केवळामायच्या दारात थांबायची. ती बैलाला ओवाळायची, पुरणाची पोळी चारायची आणि मग त्याच्या कानाला तोंड लावून त्याची पिढी सांगायची. तुझी आई अमुक, आईची आई तमुक, बाप अमक्याच्या घरचा, बापाची आई तमकी. कानात म्हणायचं ते नावापुरतं, आवाज पार वेशीपर्यंत जायचा. तिच्या सासूनं तिला हे शिकवलं होतं. ती अंगठेबहाद्दर होती, पण चाळीस-पन्नास जनावरांच्या चार-चार पिढ्या तिला पाठ होत्या. कुणी टोकलं तर चिडायची. "मी इसरले तर माती टाका मह्यावर," म्हणायची.

नुसतं पाठ असून भागत नव्हतं, तिचे नियमही कडक होते. वळू तीन वर्षांच्या वर गावात ठेवायचा नाही, कारण तोवर त्याच्या लेकी माजावर येतात. तीन वर्षं झाली की तो नदीपलीकडं वळू सांभाळणाऱ्या गुरुपादप्पाच्या गावाला द्यायचा आणि तिकडचा आपल्याकडं आणायचा. यात पैशाची देवघेव नसायची. वळूबरोबर माणूस जायचा आणि त्याची पिढी तोंडी सांगून यायचा.

तिला देवी करायला मी बसलेलो नाही. मी तिच्या गोठ्यात कामाला जायचो तेव्हा चहा मिळायचा, पण माझी कपबशी वेगळी, गोठ्याच्या कोनाड्यात पालथी घातलेली. ती मीच विसळायची. बौद्ध होऊन आम्हाला सोळा-सतरा वर्षं झाली होती, कोनाड्याला त्याचा पत्ता नव्हता. मला "ऐ सट्या" म्हणून हाक मारायची. राग यायचा. तरी जायचो, कारण जनावरातलं जे काही मला कळतं ते मी तिच्याकडूनच शिकलो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींच्या तळाला माणसं उतरून वाटीनं पाणी भरायची. केवळामायच्या गोठ्यात सात जनावरं होती. तीन मेली, तीन कंधारच्या बाजारात गेली. उरली एकटी पवळी. तिच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेल्या वेलातली ती शेवटची गाय होती. केवळामाय आणि तिचा मुलगा पंढरी खडी फोडायला जायचे, म्हणून पवळीला अहमदपूरच्या वाटेवरच्या छावणीत बांधलं. मी त्या छावणीत रोजंदारीवर कडबा टाकायचो. वय असेल एकोणीस-वीस.

छावणीत साऱ्या मुलखाची जनावरं होती. आमची तांबडी, उदगीरकडची काळी-पांढरी देवणी, आणि कुठली कुठली. दोन महिने कडबा पोटात गेला तशी पवळी माजावर आली. एका सकाळी देवणी वळूनं दावं तोडलं. मी कडब्याची पेंढी टाकून धावलो, पण उशीर झाला होता. तो वळू सुरेख होता, खोटं कशाला बोलू. पण तो लालकंधारी नव्हता.

छावणी उठली तेव्हा मी पवळीला घेऊन गावात आलो आणि केवळामायला जसं घडलं तसं सांगितलं. तिनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सट्या, हे कुनाला बोलू नगंस."

दिवाळीच्या सुमारास पवळीला गोऱ्हा झाला. अंगावर एक पांढरा केस नाही, सगळा तांबडा. दुष्काळ सरला म्हणून त्याचं नाव सुकाळ्या ठेवलं. पुढच्या पोळ्याला तो झूल अंगावर घेऊन दारात उभा राहिला. गावात त्या साली मोजकीच जनावरं उरलेली, म्हणून झाडून सगळी माणसं जमली होती. केवळामायनं त्याच्या कानाला तोंड लावलं. आई पवळी, आईची आई चिंधी. मग ती थांबली. चाळीस वर्षांत ती कधी थांबली नव्हती. आणि मग म्हणाली, बाप गुरुपादप्पाचा वळू.

गुरुपादप्पा त्याच उन्हाळ्यात वारला होता आणि त्याचा वळू विकला गेला होता. खोटं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी होतो, पण कोपऱ्यात, हातात कोनाड्यातली कपबशी घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

आता इथंच गाडी रुतली. सुकाळ्या मोठा झाला, देखणा निघाला, गावचा वळू झाला. तीन वर्षं झाली तशी नदीपलीकडून गुरुपादप्पाच्या मुलाचा निरोप आला की आमच्या वळूचा लेक आमच्याकडं पाठवा, आमचा आताचा वळू तुम्ही न्या. केवळामायनं नाही म्हटलं. स्वतःच्या दारात बोललेलं खोटं तिनं गिळलं होतं, पण ते दुसऱ्याच्या गाईंच्या पोटात घालायला ती तयार नव्हती. सुकाळ्या गेला नाही म्हणून तिकडचा वळू आला नाही. तीनाची पाच वर्षं झाली, पाचाची सात. त्याच्या लेकी त्याच्याच खाली यायला लागल्या. एक वासरू आंधळं जन्मलं. दोन वासरं चार दिवसही जगली नाहीत. लोक म्हणायचे, कुणाची तरी नजर लागली. केवळामाय प्रत्येक मेलेल्या वासराला स्वतः बघायला जायची आणि घरी येऊन जेवायची नाही. हे मला पंढरीनं सांगितलंय. तोवर मला दवाखान्यात नोकरी लागली होती. माझ्याकडं सरकारी खाकी कपडे होते, पण तोंड तेच होतं, बंद.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. तिथल्या कचेरीपर्यंत आमची गाय कधी पोचली नव्हती. नव्या जिल्ह्याच्या नव्या रजिस्टरात अस्सल जनावरांची नोंद करायची टूम निघाली. त्र्याऐंशीच्या चैत्रात पंचाक्षरी डॉक्टर जीपनं बोरवाडीला आले. नोंद झालेल्या जनावराच्या कानात पितळी बिल्ला, गावाला योजनेतून चारा-बियाणं, आणि नोंदीच्या गावात एकच नोंदलेला वळू, बाकीचे खच्ची करायचे. कागद कुणाकडं होते? साहेब म्हणाले, "केवळाबाई सांगतील ते लिहा." मी पेन उघडलं.

पहिलं पान सुकाळ्याचं. आईच्या रकान्यात पवळी लिहिलं. बापाच्या रकान्याला मी हात थांबवला आणि वर पाहिलं. केवळामाय खाली बघत होती. तिचा शेजारी रामकिशन घाईवर आलेला. तोच मोठ्यानं म्हणाला, "गुरुपादप्पाचा वळू. साऱ्या गावाला ठाऊक हाय. लिव की!"

मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, हे इथं सांगून ठेवतो.

मग रामकिशननं त्याची कालवड पुढं आणली. ती सुकाळ्याच्या लेकीला सुकाळ्यापासूनच झालेली, वर्षभराची. साहेबांनी तिच्या पोटाखाली हात फिरवला आणि हात बाहेर काढला तर बोटं लाल. ते बोटांकडं बघत राहिले. रामकिशन हसून म्हणाला, "माती हाय साहेब, लोळती लई."

केवळामाय उठली. दगडी डोणीपाशी गेली, पदराचं टोक पाण्यात बुडवलं, कालवडीपाशी खाली बसली आणि तिचं पोट पुसू लागली. पदर लाल झाला. तो गेरू होता, पाण्यात कालवून फासलेला. त्याच्याखाली तळहाताएवढा पांढरा ठिपका निघाला. देवणीचा रंग तिसऱ्या पिढीत वर आला होता.

तिनं लाल झालेला पदर साहेबांपुढं धरला. मग म्हणाली, "मह्या एका खोट्यापायी गाव गेरू फासून राहिलं. साहेब, ते नाव खोडा. सुकाळ्या गुरुपादप्पाच्या वळूचा न्हाई. छावणीतल्या देवणीचा हाय. मला तवापासून ठाऊक हाय."

कुणालाच खरं वाटेना. पंढरी म्हणाला, "आये, काय बोलून राहिलीस?" रामकिशन म्हणाला, म्हातारीला भ्रम झालाय, मनावर घेऊ नका. साहेबांनाही तेच सोयीचं वाटत असावं. सोळा जनावरांच्या नोंदी त्या एका नावावर उभ्या होत्या.

"सटवाजीला इचारा," ती म्हणाली. "त्यो छावणीत व्हता."

जन्मभरात तिनं पहिल्यांदा माझं नाव धड घेतलं. सगळे माझ्याकडं वळले. मला भीती वाटली, लपवत नाही. माझं घर याच गावात होतं, म्हातारे आई-बाप याच गावात होते. मी उभा राहिलो.

"हाव," म्हणालो. "मी पाहिलं. देवणीच व्हता."

रामकिशन भडकला. "तू कोन सांगनारा? कडबा टाकनारं पोरगं तू!" पुढं माझ्या जातीवर जे बोलला ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल.

केवळामाय त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्यो पाहनारा हाय. तू न्हाईस, म्या बी न्हाई. त्याचंच लिवायचं."

मी नाव खोडलं. साहेब समजूतदार होते. म्हणाले, देवणीही उत्तम जात आहे, यात कमीपणा नाही, फक्त या रजिस्टरात बसणार नाही. सुकाळ्या आता म्हातारा झालाय, त्याला तसाच राहू द्या, मी वर काही कळवत नाही. केवळामायनं नकाराची मान हलवली. "समद्या त्याच्याच लेकी हायत हितं. आजून किती आंधळी वासरं बघू?"

खच्ची करायचा चिमटा माझ्या पेटीत होता. सुकाळ्याला आडवा पाडायला चार माणसं लागतात, गावातलं एकही पुढं आलं नाही. केवळामायनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "बस रं." साडेनऊ वर्षांचं ते धूड तिच्या शब्दावर गुडघे टेकून खाली बसलं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पंढरीनं पाय बांधले, आणि काम मी केलं. तो ओरडला नाही, फक्त श्वास जोरात सोडला. पेटी आवरताना मला रडू आलं. ती रडली नाही. दुष्काळानंतरच्या ओढगस्तीत तिनं त्याला पेज पाजून वाढवलं होतं, स्वतः अर्धपोटी राहून.

सोळापैकी एकाही जनावराची नोंद झाली नाही. बियाणं शेजारच्या गावाला गेलं. गाव तिच्याशी बोलेना आणि माझ्याशीही. रामकिशननं दोन वर्षं तिच्या दारातली वाट सोडून दिली. पण महिन्याभरात ती नदी उतरून पलीकडं गेली, गुरुपादप्पाच्या मुलाला सगळं सांगितलं आणि तिकडचा वळू मागून आणला. पुढच्या वासरांचे डोळे चांगले निघाले.

त्या साली पोळ्याला तिच्या दारात पंढरीची जोडी आणि सुकाळ्या, एवढेच. मी गेलो होतो. बाकीचे आपापल्या ओट्यावरून बघत होते. तिनं सुकाळ्याला ओवाळलं, पोळी चारली आणि कानाला तोंड लावून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुजी आय पवळी. आयची आय चिंधी. बाप छावणीतला देवणी. पाहिलं सटवाजी सोनकांबळेनं." मग पंढरीच्या बायकोनं चहा आणला. माझी कपबशी कोनाड्यातलीच होती.

केवळामाय शहाण्णवला गेली. त्याआधी सुकाळ्या गेला, तिनं त्याला बांधावर पुरलं.

दोन वर्षांमागं पोळ्याला मी बोरवाडीत होतो. पंढरीची नातसून, नुकतीच लग्न होऊन आलेली, उदगीरकडची, दारात बैल ओवाळत होती. कानाला तोंड लावून घाईघाईनं, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणत होती. आई ही, आईची आई ती, अशी मागं मागं जात ती पोचली, "...सुकाळ्याची आय पवळी, सुकाळ्याचा बाप छावणीतला देवणी, पाहिलं सटवाजी सोनकांबळेनं."

मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काका, तुमची बैलं कुठाय्त?"

"बैलं न्हाईत, बाई," मी म्हणालो. "ऐकायला आलतो."