मालकांचे डोळे पाणावले

वर्तमानपत्राच्या ऑफिसावरचा तो सिनेमा अमरावतीत लागला, तेव्हा माझ्या सुनेच्या पेपरच्या मालकांनी सहाचा अख्खा खेळ स्टाफसाठी घेतला. घरच्यांनाही आणा म्हणाले. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, तेव्हा घरचे म्हणजे मीच. इस्त्रीची साडी काढली अन् गेले.

सून त्या पेपरात उपसंपादक. बातम्या नीट करते, मथळे देते, पान लावते. कामात पक्की, कागदावर कच्ची. दरसाल करार संपायचा, दरसाल मालक "पाहू" म्हणून नवा करार द्यायचे. मागं ती जीपमध्ये कोंबून बसून मेळघाटात धारणीकडं गेली, तिथल्या रस्त्याची बातमी हाडं खिळखिळी करून आणली. ती आतल्या पानावर लागली, शिकवणीच्या जाहिरातीखाली. तिचे वडील अकोल्याचे. त्यांचा फोन आला की तब्येतीच्या आधी हेच, "काय व माय, कायम केलं का तुले?" यंदा मालकांनी महिन्याअखेर ठरवतो म्हणून सांगितलं होतं. त्यामुळं आम्ही दोघी सिनेमा पाहायला कमी आणि मालकांची मर्जी पाहायला जास्त निघालो होतो.

आता पेपरातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी तिथं दुपारीच लिहितात. परतवाड्यावरून मेळघाटात जाणारी पेपरची गाडी लवकर निघते, तिच्यासाठी पान लवकर छपाईला सुटतं, आणि कार्यक्रम काही गाडीसाठी अलीकडं सरकत नाही. मग निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची, 'मान्यवरांनी मनोगत व्यक्त केले' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. मान्यवर बिचारे भरवशाचे. वेगळं काही व्यक्त करून त्यांनी आजवर कोणाला अडचणीत आणलेलं नाही. सुनेनंही त्या दुपारी लिहून टाकलं होतं की मालकांनी सहकाऱ्यांसह चित्रपट शेवटपर्यंत पाहिला, शेवटच्या प्रसंगानं ते हेलावले आणि त्यांचे डोळे पाणावले.

मी विचारलं, "तू पाह्यला का शेवट?"

"आई, सिनेमाले शेवट असतेच. अन् मालकाले डोळे हायेत. बातमीले एवढं पुरते."

सिनेमा सुरू झाला. सिनेमातल्या ऑफिसात सगळे सारखे पळतात. हातात कागद, कानाला फोन, जिन्यावरून धाड धाड. सुनेच्या ऑफिसात मी डबा द्यायला किती वेळा गेले असेन, चहा आल्याशिवाय कोणाला पळताना पाहिलं नाही. बरं, ते राहू द्या. सिनेमातही एक मालक होता. सकाळी पेपर उघडून तो आधी स्वतःचा फोटो शोधायचा. एकदा तर त्यानं पुराची बातमी आत ढकलली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या गळ्यातला हार छापला. मी खदखदून हसले. माझं ऐकून मागची रांग हसली, मग बाल्कनी हसली. आणि मग एकेकाला आठवलं की पहिल्या रांगेत कोण बसलंय. हसू असं विझलं, जशी काय लाईन गेली.

मध्यंतरात मालक उठले ते सरळ गाडीत जाऊन बसले आणि निघून गेले.

"आई, तुमी काहून हासल्या?" सून पांढरी पडली होती. "तिकडं मशीनवर त्यायचे डोळे पाणावून राहिले."

सिनेमातली बातमीदार पोरगी धावत जाऊन छपाईचं मशीन थांबवते. आमच्या सुनेनं छपाईवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मशीन थांबवाले मालकाचा हुकूम लागते." मालक फोन उचलेनात. हुकूम करणारे रागावून घरी गेले होते, आणि त्यांचे अश्रू गाडीत बसून मेळघाटाच्या वाटेला लागले.

मला वाटलं, गेली पोरीची नोकरी. पण सकाळपासून मालकांना फोन सुरू. भाऊसाहेब, तुम्ही एवढे हळवे! भाऊसाहेब, आम्हाला ठाऊकच नव्हतं! अकोल्याच्या एका कॉलेजनं तर सिनेमाच्या शेवटावर भाषण द्यायला बोलावलं, आणि मालक फोनवरच हो म्हणून बसले. आता शेवट पाहणं आलं. त्यांनी सुनेला बोलावून सांगितलं, "बाराच्या खेळाले चाला संगं. अन् काल ज्या बाई पयले हासल्या, त्यायलेही आना. कुठं हासाचं ते मले समजलं पायजे."

असं करून आम्ही तिघं रिकाम्या थिएटरात बसलो. मध्यंतरानंतर मालक घोरू लागले. सिनेमाच्या शेवटी सगळे नोकर त्या मालकाला सोडून निघून जातात आणि तो एकटाच टेबलं पुसत बसतो. दिवे लागले, तसे आमचे मालक जागे झाले.

"मॅडम, शेवटी काय झालं?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "सर, मालकाले चूक समजते. पोरीनं जंगलातल्या रस्त्याची बातमी आनली असते, ते तो पहिल्या पानावर घेते. अन् तिले सगळ्यायसमोर कायम करते."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मोठ्या मनाचा मानूस हाय," मालक म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "बाई, शेवटी तुमी हासल्या नाही?"

"नाही सायेब, शेवट काही हासन्यासारखा नव्हता." हे मी खरंच बोलले.

भाषणाच्या दिवशी सुनेनं रीतीप्रमाणं बातमी दुपारीच लिहिली. मनोगत झालं, टाळ्या झाल्या. खाली एक ओळ जास्तीची, की मालकांनी आपल्याही उपसंपादकास कायम करीत असल्याची घोषणा केली. मी म्हटलं, "माय, हे लई होते." ती म्हणाली, "आई, नाहीतर ते अजून 'पाहू' म्हनतीन." आणि तिनं पान सोडलं.

अकोल्यात मालक शेवटाबद्दल खूप बोलले. सुनेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सकाळी पेपर आला, पुन्हा फोन सुरू. भाऊसाहेब, पडद्यावर पाहिलं ते करून दाखवलंत! त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मी असं बोललो होतो का?"

"सर, टाळ्या लई होत्या."

मालकांनी पेपर पुन्हा पाहिला. फोटो तिनं चांगला मोठा लावला होता. मग त्यांनी कायमच्या पत्रावर सही केली.

व्याही त्या भाषणाला बसले होते. त्यांचा फोन आला, "काय व माय, म्या तर सिनेमाचा शेवट येगळाच पाह्यला होता."

"बाबा, तिथं कोनाले सांगतलं का?"

"सांगू कायले? सगळ्यात जोरात टाळ्या माह्याच होत्या."

रस्त्याची बातमीही पहिल्या पानावर आली, मालकांच्या फोटोच्या पोटाखाली. रस्ता आहे तसाच आहे. मी सुनेला म्हटलं, "रस्ता झाला म्हनूनही एकदा लिहून पाह्य ना. तुह्या पेपरात आधी लिहिलं का मंग होते."

ती पान लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मालकाले लाज वाटते आई, लोक काय म्हनतीन म्हनून. डांबराले नाही वाटत."